एक विशेषण, चार तोंडं

ऐरोलीहून एका तरुण भाषांतरकाराचा प्रश्न आलाय. तो एका परदेशी मालिकेची मराठी सबटायटल्स करतोय. मालिकेत पन्नाशीची एक मावशी आहे, कशालाच फार मनावर न घेणारी. गाडी चुकली तर हसते, नोकरी गेली तर हसते, अंत्यविधीत हातातला पुष्पगुच्छ उलटा धरते आणि त्यावरही हसते. तिच्याबद्दल चार माणसं वेगवेगळ्या भागांत एकच इंग्रजी विशेषण वापरतात, ‘फ्रिव्होलस’, ढोबळ अर्थ गांभीर्य नसलेली: तिची थोरली बहीण, भाचा, बहिणीचा नवरा आणि ऑफिसातली मॅडम. याने चारही ठिकाणी ‘थिल्लर’ लिहिलं, ते परत आलं. ‘उथळ’ लिहिलं, तेही परत आलं. वैतागून ‘विनोदी’ लिहिलं, तर शेरा आला, ‘अर्थ बदलला’. आता तो म्हणतो, ताई, चारही ठिकाणी चालेल असा एक शब्द सांगा, आणि जमल्यास सौम्य ते जहाल अशी यादी द्या.

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते. यादी देणार नाही. ती मी पूर्वी केली होती, नौपाड्यात मुद्रितं तपासायला लागले तेव्हा, वहीच्या शेवटच्या पानावर. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खोडकर, मिश्किल, वात्रट, चावट, पाचकळ, पोरकट, उथळ, थिल्लर, छचोर. पाऱ्यासारखं वर चढत जाणारं. त्या वहीचा २८ वर्षांत मला एकदाही उपयोग झाला नाही, कारण हे शब्द एका रांगेत उभेच राहत नाहीत. कुणाच्या तोंडी आहे, कुणाबद्दल आहे, त्याचं वय काय आणि त्या हसण्याचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, एवढं कळल्याशिवाय यातला एकही शब्द सौम्य की जहाल ते सांगता येत नाही. तुझी अडचण शब्दाची नाहीच. तू चार माणसांना एक तोंड दिलंस.

आधी ‘थिल्लर’चंच बघू, कारण तुझा हात पहिल्यांदा तिकडे का गेला ते मला कळतं. ‘गांभीर्य नसलेली’ असं मनात धरून तू शोधायला लागलास. गंभीर म्हणजे मुळात खोल. संस्कृतात डोह गंभीर असतो, नाभी गंभीर असते, ढगांचा आवाज गंभीर असतो. मराठीत तो अर्थ माणसाच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच राहिला. पण भाषा मूळ चित्र विसरली नाही. खोल नाही तो उथळ, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार. थिल्लर तर सरळ सरळ डबकं आहे. जुन्या संतवाङ्मयात हा शब्द त्याच अर्थाने येतो, समुद्रासमोर ठेवलेलं चिमुकलं पाणी म्हणून. आपण ठाण्याकडची, तलावांच्या शहरातली माणसं, आपल्याला हे लगेच दिसायला हवं. मासुंदा तलावाला कुणी थिल्लर म्हणणार नाही. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या खड्ड्यात साचतं ते थिल्लर. म्हणजे या शब्दात निव्वळ ‘गंभीर नाही’ एवढंच नाही, ‘आत काही नाहीच’ हा निवाडा आहे. मावशीच्या आत काही नाही, असं तुझी मालिका म्हणते का? मग बहिणीच्या तोंडी तो शब्द कसा चालेल?

‘अवखळ’ही पाण्याजवळचाच, पण तो वाहता. झरा अवखळ असतो, पोर अवखळ असते. खोली त्याच्यातही नसते, तरी त्याला कुणी नावं ठेवत नाही. पाणी तेच, साचलं तर शिवी आणि धावलं तर कौतुक.

दुसरं चित्र वजनाचं. भारदस्त माणूस, शब्दाला वजन असलेला माणूस, आणि त्याच्या उलट हलका. इथे मात्र जपून. ‘हलकाफुलका’ प्रेमळ आहे, ‘हलका’ एकटा उभा केला की प्रतवारी आली, आणि शेपटीला ‘ट’ लावला की भांडण. हलक्या कानाचा म्हणजे चुगलीवर विश्वास ठेवणारा, हलक्या हाताचा म्हणजे मात्र चांगला डॉक्टर किंवा चांगला न्हावी. एखाद्याची फिरकी घेतल्यावर मेसेजच्या शेवटी लोक ‘ह. घ्या.’ असं लिहितात, हलके घ्या. मला हे फार आवडतं, कारण त्यात ओझ्याचं चित्र पुरं आहे: मी काहीतरी तुझ्या डोक्यावर ठेवलंय, ते तू जड करून घेऊ नकोस. हल्लीची मुलं ‘लोड घेऊ नको’ म्हणतात ते हेच. शब्द इंग्रजी, हमाली मराठी.

आता वय. हा भाग तुला कोशात मिळणार नाही. आमच्या शेजारची आजी दोन वर्षांच्या नातवाला ‘लबाड’ म्हणते, ‘गुलाम’ म्हणते, ‘चोर कुठला’ म्हणते आणि वर पापा घेते. हेच तीन शब्द सोसायटीच्या खजिनदाराला म्हणून बघ. ‘आगाऊ’ हा आणखी मजेदार. आगाऊ रक्कम म्हणजे वेळेआधी दिलेली, आगाऊ मुलगा म्हणजे वयाआधी बोलणारा. ‘व्रात्य’ तर वेदांतून चालत आलाय. अथर्ववेदाचं १५वं कांड व्रात्याचंच आहे. पुढे धर्मशास्त्रात ज्याची मुंज वेळेत झाली नाही तो व्रात्य, संस्कारांबाहेरचा. मराठीत तो कुणाला लागतो? खिडकीची काच फोडणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला. एवढा बहिष्कृत शब्द, आणि आपण तो अर्धं हसू दाबून वापरतो.

पाच वर्षांचा खट्याळ, पंधराव्या वर्षी तसाच वागला तर उनाड, पंचविसाव्या वर्षी उडाणटप्पू, आणि साठीला पोचल्यावर पुन्हा मिश्किल. वागणं तसूभर बदललेलं नसतं. मधल्या चाळीस वर्षांत त्याने कमवायचं असतं, म्हणून मधले शब्द कडू आहेत, एवढंच. मावशी पन्नाशीची आहे, म्हणजे नेमकी अशा जागी की जिथे एकाला ती पोरकट दिसेल आणि दुसऱ्याला मिश्किल. ‘बालिश’ मात्र टाळ. त्यात फक्त वरून खाली बघणं आहे. ‘पोरकट’मध्ये निदान घरातला माणूस वैतागलेला ऐकू येतो.

आणि बाई आहे, हे विसरू नकोस. आपल्या भाषेचा हा कोपरा स्वच्छ नाही. पुरुष उनाड असला तर तो वेळ फुकट घालवतो, एवढाच आरोप. बाईला ‘छचोर’ किंवा ‘उठवळ’ म्हटलं की बोट लगेच तिच्या चारित्र्याकडे जातं. ‘थिल्लर’सुद्धा बाईबद्दल वापरला की निम्म्या वाचकांना तोच वास येतो. तुझ्या तपासणाऱ्याने परत पाठवलं ते बहुधा यासाठी. त्याने कारण लिहायला हवं होतं, हे खरं. ‘अल्लड’ गोड आहे, पण तो सोळा-अठरा वर्षांच्या मुलीचा. पन्नाशीच्या बाईला अल्लड म्हटलं की एक तर प्रेमात पडलेला नवरा बोलतोय किंवा टोमणा मारणारी जाऊ.

चावट, वात्रट, चहाटळ हे त्रिकूट वेगळं. जुन्या मराठीत चावटी म्हणजे नुसती वाचाळ बडबड; आज ‘चावट’ म्हटलं की डोळा मिचकावल्याशिवाय राहत नाही. भाषांतरात हा शब्द घालताना दोनदा विचार कर, अर्थ कमरेखाली सरकतो. ‘वात्रट’ला तेवढा धोका नाही, त्यात खोडी आहे, आणि वात्रटिकेने त्याला कवितेत मानाची जागा मिळवून दिली. ‘चहाटळ’ आता ऐकू येत नाही फारसा. माझी आई मैत्रिणीला म्हणायची, ‘चल, चहाटळ कुठली!’ त्यात रागाचा लवलेश नसे. काळ दाखवायचा असेल तर वापर.

खर्चाची गोष्ट आता सांगते, कारण माझ्या मते सगळं तिथे अडतं. हसण्यासाठी कुणीतरी काहीतरी देतं. थट्टा दोघांच्या खर्चाने चालते आणि तिला नात्याची परवानगी लागते. दीर-भावजय, मेहुणी, विहिणी, लग्नघरात उखाण्याला अडवून धरणाऱ्या करवल्या. घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणात आगरी-कोळी घरची हळद बघितली आहेस ना? एकीकडे धवलारीण धवले म्हणते, ते विधीचं गाणं, त्यात कुणी चेष्टा करत नाही. आणि तिथेच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नवरदेवाच्या मित्रांनी त्याला सळो की पळो करून सोडलेलं असतं. कुणी रागावत नाही, कारण तो दिवस त्यासाठीच असतो. मस्करी थोडी सैल. ती कुणाशीही होते, म्हणून तिची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही. टिंगलीत समोरचा एकटा पडलेला असतो. टवाळीत तो बहुतेक वेळा समोर नसतोही. कुचेष्टेत त्याच्या व्यंगावर बोट असतं. पाचही प्रकारांत हसू तेवढंच, पैसे भरणारा वेगळा.

इथे एक गंमत सांगते. ‘चेष्टा’ संस्कृतात म्हणजे हालचाल, धडपड. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ आहे, तिथे बेतानं केलेली हालचाल अभिप्रेत आहे. पहिल्यांदा वाचणारं मराठी पोर हमखास फिसकन हसतं, ‘योगी चेष्टा करतो?’ आणि ‘मस्करी’ अरबीतल्या मस्खऱ्याची, म्हणजे विदूषकाची. पण पाणिनीच्या एका सूत्रात ‘मस्करिन्’ आहे, तो मात्र हातात वेळूचा दंड घेतलेला परिव्राजक. दोघांचा काही संबंध नाही. तरी कधी कधी वाटतं, संन्यासी आणि विदूषक यांना एकच नाव मिळणं ही भाषेनेच केलेली मस्करी असावी.

खर्चाचा सगळ्यात चोख पुरावा ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’. दोन्ही एकाच मुळाचे. एका ‘ड’ने कवितेचं अनुकरण करून हसवलं जातं, एका ‘ट’ने पुतळ्याची होते आणि गावात पोलीस बंदोबस्त लागतो. मुद्रितात ही अक्षरं उलटी पडलेली मी एकदा पकडली आहेत. पकडली नसती तर एका काव्यसंमेलनाच्या पत्रिकेवर ‘विटंबना सादर होईल’ छापून गेलं असतं.

आणि ठाणेकर म्हणून एक जुनी खपली काढते. महाराष्ट्रात कुठेही जा, गाव सांगितलं की एखादा तरी म्हणणार, ‘ठाण्याचे का? मग बरोबर आहे,’ आणि कपाळावर बोट फिरवणार. इथल्या मनोरुग्णालयामुळे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचारच झाला. लहानपणी आम्हीही हसायचो. मग जिच्या घरातलं माणूस खरंच तिथे होतं अशा एका मैत्रिणीसमोर कुणीतरी ते वाक्य टाकलं, आणि ती हसली नाही. बोलणाऱ्याच्या लेखी ती थट्टा होती, तिच्या लेखी कुचेष्टा. दोघंही आपापल्या जागी बरोबर शब्द वापरत होते. मी तेव्हापासून संहिता वाचताना प्रत्येक विनोदाला विचारते, तुझे पैसे कोण भरतंय?

‘टवाळा आवडे विनोद’ हे समर्थांचं वाक्य मराठी माणसाच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की विनोदी लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचा खुलासा द्यावा लागतो. माझं म्हणणं एवढंच, की ओवी पुढे वाचावी. उन्मत्ताला नाना छंद आवडतात, असं लगेच येतं. कुणाला काय गोड लागतं, याची ती मोजदाद आहे. टवाळाला विनोद आवडतो म्हणून विनोद आवडणारा प्रत्येक जण टवाळ, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं? टवाळाला भजीही आवडत असतील. शिवाय मूर्खाची लक्षणं एकामागून एक अशी मोजून दाखवणाऱ्या माणसाला विनोदाचं वावडं होतं, हे मला पटत नाही. तुझ्या कामापुरतं इतकं लक्षात ठेव की ‘टवाळ’ हा आजही आरोप आहे. वर्तमानपत्रात ‘तलावपाळीवर टवाळखोरांचा उपद्रव’ येतो, तो उपद्रव मिश्किल नसतो.

याच शब्दावरून घडलेला एक प्रसंग. सोसायटीतले एक काका गेले. सगळ्यांना हसवणारे, लिफ्टमध्ये भेटले तरी कोटी करणारे. फलकावर लावायचा श्रद्धांजलीचा मजकूर तरुण मंडळींनी लिहिला आणि मला दाखवायला आणला. त्यात होतं, ‘काका अतिशय टवाळ स्वभावाचे होते.’ भावना खरी होती, पोरांना शब्द फक्त ‘जोक करणारा’ एवढाच वाटत होता. मी ‘थट्टेखोर’ केलं. वाचून बघितलं, तरी मृत्यूच्या फलकावर ते ‘खोर’ टोचत होतं. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर, त्या प्रत्ययाची संगतच वाईट. शेवटी ‘मिश्किल’ केलं. काकू फलकासमोर उभ्या राहिल्या, वाचलं आणि म्हणाल्या, ‘मिश्किल कसले, वाह्यात होते नुसते.’ आणि रडल्या. वाह्यात हा अरबीतून आलेला शब्द, निरर्थक बडबड या अर्थाचा, कोशात निंदाव्यंजक म्हणून नोंदवलेला. चाळीस वर्षांच्या संसारानंतर काकूंच्या तोंडी तो जितका प्रेमळ होता तितका कुठलाच चांगला शब्द होऊ शकला नसता. तो फलकावर मात्र लिहिता आला नसता. तुझ्या चार तोंडांचा मुद्दा मी इथेच शिकले.

‘मस्ती’चंही तसंच आहे, फक्त तिथे गाव बदललं की अर्थ बदलतो. मूळ फारसी, अर्थ धुंदी. ठाण्या-मुंबईच्या शाळेत मस्ती म्हणजे दंगा, धावपळ, बाकावर उभं राहणं. घाटावर ‘मस्ती आलीय’ म्हणजे माज आलाय, आणि ती जिरवायची असते. खारघरच्या एका शाळेत बाईंनी प्रगतिपुस्तकात ‘फार मस्ती करतो’ असा शेरा लिहिला. सातारकडून नव्याने आलेले वडील तावातावाने भेटायला गेले, माझ्या मुलाला माजोरडा म्हणता? बाईंना बिचाऱ्यांना कळेचना. तुझा प्रेक्षक दोन्हीकडचा आहे, म्हणून ‘मस्तीखोर’ मी टाळीन.

बरं, विशेषणं सोडून जरा क्रियापदाकडे ये. मराठीत खरा निवाडा तिथे होतो. ‘गंमत’ घे. गंमत करणे निरुपद्रवी. गंमत येणे सुखाचं. गंमत वाटणे म्हणजे नवल वाटणे, त्यात हसू असेलच असं नाही. लहान मुलाला ‘तुझ्यासाठी गंमत आणलीये’ म्हटलं की तो खाऊ. ‘गंमत म्हणजे’ असं वाक्य सुरू झालं की पुढे बहुतेक वेळा दुःखाचीच गोष्ट येते: गंमत म्हणजे, ज्याला पैसे दिले तोच साक्षीला. आणि गंमत बघणे? तो गुन्हा. ‘माणूस रुळाच्या कडेला पडला होता आणि लोक गंमत बघत उभे होते.’ तेच नाम, क्रियापद बदललं आणि हसणारा माणूस बघ्या झाला. मजेचंही तसंच: मजा करणे, मजा बघणे, आणि कुणाची तरी मजा घेणे. तुझ्या सबटायटलला दोन ओळी आणि दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात विशेषण शोधत बसण्यापेक्षा क्रियापद नेमकं लाव, ते कमी जागेत जास्त सांगतं. ‘ती फ्रिव्होलस आहे’ची मराठी ‘ती अमुक आहे’च व्हायला हवी असं कुठे लिहिलंय? ‘हसण्यावारी नेते’, ‘मनावर घेत नाही’, ‘सगळ्याचा पोरखेळ करते’. तिन्ही क्रिया आहेत आणि तिन्हींचा पोत वेगळा.

मजा मुळात फारसी, अर्थ चव. मौज अरबी, अर्थ लाट. चवीची आठवण आपण चांगली जपलीय. विनोद खुसखुशीत असतो करंजीसारखा, खमंग असतो, चुरचुरीत असतो. बिघडला की पाणचट होतो ताकासारखा, मिळमिळीत होतो, शिळा होतो. मराठीत विनोदाची समीक्षा स्वयंपाकघरातूनच होते. लाटेची आठवण मात्र पुसली गेली. ‘मौजमजेसाठी दुचाकी चोरणाऱ्यांना अटक’ अशा बातम्यांत मौजेला अगदी वाईट दिवस आलेत.

एक भूल बहुतेक सगळ्यांची होते, तुझीही होईल, म्हणून सांगून ठेवते. ‘नर्मविनोद’ म्हणजे मऊ, कुणाला न दुखावणारा विनोद, असं आपण वापरतो, कारण कानाला ‘नरम’ ऐकू येतो. नरम फारसी. नर्म संस्कृत, आणि त्याचा अर्थच मुळी थट्टा, क्रीडा. राजाचा नर्मसचिव म्हणजे त्याचा थट्टेतला सोबती. वापराने अर्थ आता मऊ झालाय आणि मी तो लाल शाईने कापत नाही. पण ‘नर्म टीका’ असं कुणी लिहिलं की पेन थांबतं. तसंच ‘विनोद’. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ यात शहाणे लोक जोक सांगत नाहीत, काव्यशास्त्रात मन रमवतात. भरताने नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या, स्मितापासून अतिहसितापर्यंत; त्यातलं उपहसित मधल्या प्रकृतीच्या माणसांचं. आपला ‘उपहास’ त्याच शब्दाचा भाऊ, पण आता तो बोचण्यासाठीच बाहेर पडतो.

गडकरी रंगायतनच्या बाहेर जाहिरातींचे फलक वाचायची मला सवय आहे, मासुंद्याच्या काठाने घरी जाताना. ‘निखळ करमणूक’, ‘हलकंफुलकं कौटुंबिक’, ‘धमाल विनोदी’. मुरलेला प्रेक्षक यातून बरोबर ओळखतो. ‘निखळ’ असेल तर आईला न्यायला हरकत नाही. ‘धमाल’ असेल तर दारं धाडधाड उघडमीट होणार आणि कुणीतरी लुगडं नेसून येणार. आत काय आहे ते कुणी समजावून सांगत नाही, पण फसगत सहसा होत नाही. नेमका शब्द असा ओळखीचा असावा.

आता ऑफिसातली मॅडम. तिची तक्रार स्वभावाची नाहीच, कामाची आहे, आणि त्यासाठी मराठीत एक वेगळंच कपाट आहे. काम टाळत रेंगाळणं म्हणजे टंगळमंगळ. पुढे ढकलणं म्हणजे चालढकल. वरवर उरकणं म्हणजे थातुरमातुर. विचारल्यावर हसत काहीतरी फेकून देणं म्हणजे उडवाउडवीची उत्तरं. सरकारी कागदावर याच सगळ्याला हलगर्जीपणा म्हणतात, आणि मग कारणे दाखवा नोटीस येते. ‘बेफिकीर’ आणि ‘बेजबाबदार’ यांत मी फरक करते: पहिल्याला फिकीर वाटत नाही, दुसऱ्याला वाटायला हवी होती. ‘निर्धास्त’ आणि ‘बिनधास्त’ दोन्ही धास्तीचेच, पण निर्धास्त माणूस झोपतो आणि बिनधास्त माणूस हेल्मेटशिवाय पामबीच रोडवर निघतो. ‘खुशालचेंडू’ हा माझा लाडका. टप्पे खात मजेत जाणारा चेंडू डोळ्यासमोर येतो, राग यायच्या आत हसू येतं. तो पुरुषालाच लागतो बहुतेक, नाहीतर मावशीला दिला असता.

तर तुझ्या चार जागा. तू पाठवलेल्या ओळी बघून लिहिते.

थोरल्या बहिणीला तिची काळजी वाटते, तिने तिला वाढवलंय. ती म्हणेल, ‘हिचा पोरकटपणा कधी जाणार, देव जाणे.’ पोरकट इथे चालतो, कारण थोरल्या बहिणीला धाकटी पन्नाशीलाही पोरच दिसते. भाच्याला ती आवडते. त्याच्या तोंडी विशेषण घालूच नकोस: ‘मावशी ना, कशाचंच टेन्शन घेत नाही.’ ‘खेळकर’ लिहावंसं वाटेल, पण ते शाळेच्या दाखल्यावरचं वाटतं. कुठलाही पोरगा मावशीला खेळकर म्हणत नाही. मॅडमची ओळ मीटिंगमधली आहे, तिथे ‘तुम्ही कुठलीही गोष्ट गांभीर्याने घेत नाही’ हे वर्तमानपत्री वाटलं तरी तेच ठेव. मॅडम तशाच बोलतात. पुढच्या वाक्यात ‘उडवाउडवीची उत्तरं नकोत’ आणलंस तर मूळ संवादातला तिचा तिरसटपणाही येईल.

राहिला बहिणीचा नवरा. सातव्या भागात, अंत्यविधीनंतर, घरी आल्यावर तो दार लावतो आणि बायकोला तिच्या बहिणीबद्दल बोलतो. त्याच्याच आईचा अंत्यविधी होता. उलटा पुष्पगुच्छ त्याने पाहिलाय आणि त्यानंतरचं हसूही ऐकलंय. मावशीच्या आत काय आहे हे त्याला माहीत नाही, जाणून घ्यायची इच्छाही नाही, आणि त्या दिवशी खर्च त्याचाच झालाय. ‘तुझी बहीण थिल्लर आहे.’ तुझा पहिला शब्द तिथे जसाच्या तसा ठेव. पुन्हा परत आला तर तपासणाऱ्याला सातवा भाग दार लावण्यापासून बघायला सांग.